उंबरा किती?

आबा म्हसवडहून पहिल्यांदाच इकडं अमेरिकेत, मिनेसोटात आले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना विचारलं, "तुझ्या ह्या गावचा उंबरा किती रं?" म्हणजे घरं किती.

म्हटलं, "आबा, हे गाव नाही, टाउनशिप आहे." झालं! पुण्यात पाहुण्यांकडं राहून आलेला माणूस. टाउनशिप म्हटल्यावर त्यांना टॉवर, लिफ्ट आणि गेटवरचा वॉचमनच आठवणार. खिडकीबाहेर मात्र नजर पोचेल तिथपर्यंत मका.

मिनेसोटातली टाउनशिप म्हणजे साधारण सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा नकाशावरचा चौकोन. अमेरिकेत ही मोजणी १७८५ च्या कायद्यानं सुरू झाली. चौकोनात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सोळावा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखीव असायचा. मोजायची साखळी ६६ फुटांची, हे ऐकून आबा सावरून बसले. आपला गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे साखळीच्या चौरसात बरोबर चार गुंठे. पुढचा हिशोब त्यांनीच केला.

"आन् त्याआधी ही जमीन कुणाची?"

डकोटा लोकांची. १८५१ च्या करारांत त्यांच्या हातून गेली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानंतर पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकरांचा तुकडा जवळजवळ फुकट मिळू लागला. आबा नुसतं "हं" म्हणाले.

मग उंबरा मोजायला निघालो. खडीचा रस्ता, मैलभर सरळ. एका मैलात तीन घरं. त्यातल्या एकाला कुलूप. प्रत्येकाचं घर आपापल्या रानात, शेजारी धान्याची उंच गोल कोठी. ना पार, ना चावडी, ना एसटीचा थांबा. आबा म्हणाले, "म्हंजे समदीच वस्तीवर ऱ्हात्यात. गावठाणच न्हाई!" इतकी वर्षं इथं राहून मला हे एवढं नेमकं सांगता आलं नव्हतं.

आमच्या चौकोनात माणसं तीनशेच्या आत. क्षेत्र ९३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत आपल्या सातारा जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला २८७ माणसं होती. त्या हिशोबानं एवढ्या जागेत साडेसव्वीस हजारांवर लोक झाले असते. (म्हसवडच्या माण तालुक्यात तेवढी दाटी नाही, पण इतका शुकशुकाटही नाही.) कारभार मात्र आहे. निवडून दिलेले मोजके सुपरवायझर, आणि मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी वार्षिक सभा. आपली ग्रामसभाच ती, फक्त माइकवरून भांडण नाही. विषय बहुतेक रस्त्यांचेच: खडी कधी टाकायची, बर्फ कोण काढणार.

पुढं एका ठिकाणी सरळ रस्ता अचानक उजवीकडं वळतो, थोडं जाऊन पुन्हा उत्तरेला लागतो. मी समजावलं की पृथ्वी गोल, उत्तरेला जाणाऱ्या रेषा जवळजवळ येत जातात, म्हणून ठराविक अंतरावर मोजणी सुधारून घ्यावी लागते. आबांनी काठीनं वळणापासून वळणापर्यंत पावलं मोजली, परत येऊन पुन्हा मोजली.

रात्री गावाकडं फोन लावला. "बरं हाय समदं," आबा चुलत्यांना सांगत होते, "पर हितं सरकारच बांध कोरतंय."