महागडं लिगेचर, साधा दोरा आणि आमचं क्लॅरनेट: श्रावणातली नोंद

मंडळी, क्लॅरनेटवर ब्रेक, म्हणजे खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जायचा सांधा, ओलांडायचं काम आता बऱ्यापैकी जमायला लागलंय, मधल्या ए आणि बी फ्लॅटवरून वरच्या बी वर जाताना जो झटका ऐकू यायचा तो आता फक्त द्रुत लयीत येतो. त्यामुळे या वेळी सामानावर लिहितो, कारण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, की महाग लिगेचर, म्हणजे तोंडात धरायच्या माउथपीसवर रीड (वाजणारी वेताची पातळ पट्टी) आवळून धरणारं कडं, घेतलं तर सूर सुधारतो का.

माझ्याकडे साधं निकेलचं लिगेचर आहे, कुडाळच्या एका मित्राने सोन्याचा मुलामा दिलेलं पाच आकडी किमतीचं लिगेचर वापरायला दिलं, आणि तिसरा होता सुती दोरा. दोऱ्याला हसू नका, जर्मनीत कित्येक वादक अजूनही दोरी गुंडाळूनच रीड बांधतात आणि आज बाजारात असलेल्या महागड्या लिगेचरमध्येही दोरीवाली मॉडेल्स आहेत. तेच माउथपीस, तीच रीड, एकच आलाप, मी आत माजघरात आणि आमचे काका बाहेर पडवीत पाठ करून बसलेले. काका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे, कान पक्का. ऐकून म्हणाले, "सगळां सारख्यांच वाजता रे, पन तुझो सूर वर जाता तां आधी बघ."

वाजवताना मला मात्र फरक जाणवला, महागड्यावर फुंक सोपी जाते, स्टॅकाटो, म्हणजे तुटक सूर, लवकर सुटतो. तेही खरंच आहे, हातात विश्वास आला की माणूस मोकळा वाजवतो. पण तो फरक ओठाला कळतो, पडवीपर्यंत पोचत नाही.

काकांचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, हिशोबाने दर डिग्रीला साधारण ३ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धा सूर) सूर चढतो. आपल्या फुंकेने आतली हवा आधीच गरम असते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण इकडच्या उकाड्यात भजनाच्या पेटीबरोबर बसलं की लगेच कळतं. चढलेला सूर उतरवायला बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा नळीचा छोटा तुकडा, थोडा बाहेर ओढला की घशातले सूर, म्हणजे जी, ए, बी फ्लॅट, सगळ्यात जास्त उतरतात कारण तिथे नळीची लांबी सगळ्यात कमी. म्हणून मी थोडं बॅरलपाशी आणि थोडं मधल्या जोडापाशी ओढतो, आणि बॅरलपाशी जी फट राहते ती ट्यूनिंग रिंगने भरतो, ती रिंग अगदी स्वस्तात येते. मोपाने, कोकोबोलो असल्या लाकडांचे बॅरल लाकडाच्या नावावर विकतात त्यावर माझा विश्वास नाही, ध्वनिशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९६४ सालीच मोजून दाखवलं होतं की नळीच्या भिंतीच्या कंपनाने आवाजात फरक पडत नाही. बॅरलच्या आतल्या पोकळीचा आकार मात्र फरक पाडतो, पैसे द्यायचेच तर त्याचे द्या.

माउथपीसचं वेगळं आहे. तिथे पैसे वसूल होतात. व्हँडोरन कंपनीच्या बी४५ माउथपीसची टीप, म्हणजे टोकाशी रीड आणि माउथपीसमधली फट, साधारण १.१९ मिमी उघडी, फाइव्ह आरव्हीची १.०६ च्या आसपास, ऐकायला कितीही क्षुल्लक वाटलं तरी रीडचा नंबरच बदलावा लागतो आणि मींड काढताना ओठाला किती जागा मिळते तेही बदलतं. मी बी४५ वर अडीच नंबरची रीड लावतो, मींड छान निघते.

पण या पावसाळ्यात वाजवण्यात सगळ्यात मोठी सुधारणा झाली ती पॅडमुळे, म्हणजे किल्ल्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या छोट्या गाद्यांमुळे. दमट हवेने पॅड फुगले होते, खालचा ई आणि एफ काढायला बोटं आवळून धरावी लागायची. खालचा भाग वेगळा करून सगळी भोकं बंद केली, तळाला तळहात लावून वरून हवा ओढली तर पकड टिकेना, म्हणजे गळती. सिगारेटच्या कागदाची पातळ पट्टी एकेका पॅडखाली धरून ओढत गेलो, दोन पॅड सैल निघाले, ते बदलून घेतले. खर्च लिगेचरच्या तुलनेत काहीच नाही, आणि आता खालचा ई अलगद बोटाने येतो, ब्रेकसुद्धा त्यामुळेच सुधारला असं मला वाटतं.

गणपतीच्या आरत्यांना पेटीबरोबर बसायचंय, तोपर्यंत मित्राचं लिगेचर परत देतोय. ६७ मिमीचा बॅरल कोणी मे महिन्यात इकडे किनाऱ्यावर वापरून बघितलाय का, असेल तर घशातले सूर कसे राहतात ते नक्की लिहा.