देवाकडे पाठ

देवळात मूर्तीकडे पाठ करून बसायचं नाही, हे आजीने लहानपणीच इतकं पक्कं केलं होतं की इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमधली एक रीत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दचकलोच. स्तोत्र गायची वेळ आली की मंडळी उठायची आणि वेदीकडे चक्क पाठ करून उभी राहायची. गाणारे-वाजवणारे मागे, पश्चिमेच्या भिंतीलगतच्या सज्जात असायचे ना! गाणं ऐकायचं तर गाणाऱ्याकडे तोंड करून, एवढा साधा हिशेब.

1837 साली व्हिक्टोरिया राणी गादीवर आली तेव्हाही बऱ्याच गावांत हे सज्जे नांदते होते. एखाद-दोन फिडल म्हणजे व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि बॅसून ही फुंकवाद्यं, आणि क्वचित सर्पंट नावाचं वाद्य. ते खरंच नागमोडी, लाकडाचं, वरून कातडं चढवलेलं. वाजवणारे गावातलेच. डॉर्सेटमधल्या स्टिन्सफर्डला लेखक टॉमस हार्डीचे आजोबा आणि वडील असेच वाजवत. घरचा धंदा गवंडीकामाचा. काल रात्री ज्या फिडलवर गाव नाचलं, तेच आज सकाळी चर्चमध्ये. मला यात काही वावगं दिसत नाही, पण नव्या दमाच्या पाद्र्यांना दिसलं. एकेक करून सज्जे उतरले. गाणारी मुलं पांढरे झगे घालून पुढे वेदीजवळ बसली आणि साथीला ऑर्गन आला. ज्या गावाला तो परवडेना, तिथे हार्मोनियम: पॅरिसमध्ये 1840च्या दशकात जन्मलेली पायपेटी. हीच बाई पुढे आपल्याकडे येऊन कीर्तनात आणि संगीत नाटकात इतकी रुळली, की तिचं माहेर कुणाला आठवतही नाही.

1861 साली ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हे स्तोत्रांचं पुस्तक निघालं. हेन्री लाइटच्या ‘अबाइड विथ मी’ला विल्यम मंक याने दिलेली चाल त्यातलीच. आमच्या घरी तिचे शब्द कुणालाच ठाऊक नव्हते. पण 29 जानेवारीला दिल्लीतला प्रजासत्ताक दिनाच्या सांगतेचा लष्करी बँडचा कार्यक्रम, बीटिंग रिट्रीट, टीव्हीवर लागला आणि ही चाल सुरू झाली की बाबा हातातला पेपर खाली ठेवायचे. कुणी बोलायचं नाही. 2022 पासून ती तिथे वाजत नाही.

मला मात्र कुतूहल आहे ऑर्गनच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचं. मोठ्या ऑर्गनला हवा लागे, ती भात्याने भरायची, आणि भाता हाताने. बहुतेक गावांत हे काम एखाद्या पोऱ्याकडे. त्याच्यासमोर दोरीला शिशाचं छोटं वजन टांगलेलं असे. भात्यातल्या हवेबरोबर ते वरखाली सरके. शेजारी लाकडावर खूण. वजन खुणेपलीकडे जाऊ द्यायचं नाही. डुलकी लागली की ऐन स्तोत्रात ऑर्गन रडका सूर काढून गप्प, आणि सगळ्या चर्चला कळायचं, कोण झोपलंय ते.

त्याला ना वेदी दिसे, ना गाणारे, ना ऐकणारे. रविवारमागून रविवार समोर एक फळी आणि ते वजन. काही जुन्या ऑर्गनांच्या मागच्या बाजूला अशा पोरांनी चाकूने कोरलेली आद्याक्षरं अजून आहेत. प्रवचन लांबलं की भात्याला काम नसे, हात मोकळे.