कार्ड थंड, मी गरम

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. सांगलीत विश्रामबागेत घराच्या माडीवर दहा बाय अकराची खोली आहे, वर पत्रा. आमच्या कामाचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम एकच, त्यामुळं वर्षातलं सगळ्यात जास्त रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल काढणं, एप्रिल-मेच्या दुपारी होतं. माझ्या कॉम्प्युटरातलं जुनं सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १६६०, आता दमलं होतं. मंगल कार्यालयातल्या अंधाऱ्या क्लिपवर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) लावलं की मेमरी संपली म्हणून अडून बसायचं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, मिरजेचा एक मित्र नोकरीसाठी पुण्याला निघाला आणि त्यानं त्याचं आरटीएक्स ३०८० विकायला काढलं. "चार दिवस लावून बघ गड्या, मग पैशाचं बोलू," म्हणाला. २०२० सालचं कार्ड, दहा जीबी, ३२० वॅट. त्यासाठी ७५० वॅटचा पॉवर सप्लाय लावा असं कंपनी सांगते. माझा ६५० चा. चार दिवसांचाच तर प्रश्न आहे म्हणून लावलं.

जुन्या कार्डाला पाऊण तास लागणारी हळदीची फाइल वीस मिनिटांत बाहेर पडली. कार्डातल्या चिपचं तापमान ७२ अंश. तीन पंख्यांचा दांडगा कूलर, आवाजही बेताचा. मी खूश. मग लक्षात आलं की बनियन पाठीला चिकटलाय. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसतं. सकाळी अकराला त्यावर ३५ होतं, दोनला ४१. आई ताक घेऊन वर आली आणि दारातच थांबली. "वर चूल पेटवलीयंस व्हय रे?"

तिचं बरोबरच होतं. मी इतके दिवस कार्डाचं तापमान बघत होतो, पण तो आकडा फक्त चिपची तब्येत सांगतो. कार्ड ३२० वॅट खातं म्हणजे ३२० वॅटची उष्णता खोलीत सोडतं. कूलर कितीही भारी असला तरी तो ती चिपवरून उचलून माझ्या अंगावर टाकणार, एवढंच. गुऱ्हाळात चुलाणात जेवढं जळण तेवढी धग, काहिलीतला रस कितीही ढवळला तरी. आणि दुसरी गोष्ट: परीक्षणांत चिपचं जे तापमान छापतात, ते बहुतेक गार खोलीतलं असतं. पत्र्याखाली त्यात सरळ बारा-पंधरा अंश मिळवायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. माझा यूपीएस एक केव्हीएचा, पण त्यावर बारीक अक्षरात ६०० वॅट लिहिलेलं आहे. ते मी घेताना वाचलं नव्हतं. रेंडर चालू, दोन मॉनिटर, हार्ड डिस्कांचा डबा. यूपीएसनं एक लांब किंकाळी मारली आणि सगळं बंद. फाइल ८३ टक्क्यांवर होती. नंतर प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर आणून मोजलं तर सगळं मिळून ५४० च्या आसपास. क्षणिक उसळी वेगळी, ती या मीटरला दिसतही नाही.

म्हणून आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं पॉवर लिमिट, म्हणजे वीज खाण्याची मर्यादा, ७८ टक्क्यांवर आणलं, म्हणजे साधारण २५० वॅट. तीच हळदीची फाइल वीसऐवजी साडेएकवीस मिनिटांत झाली. वीज बावीस टक्क्यांनी कमी, वेळ सात-आठ टक्क्यांनी जास्त! याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. शेवटचे थोडे टक्के वेग काढायला ही कार्डं किती वीज जाळतात, ते तेव्हा कळलं. तरीही २५० म्हणजे २५०. खोली ३९ वर गेलीच.

मग वही काढली. आधी बिल. मित्राचं कार्ड ३२० वॅटचं, मनातलं नवं १८० वॅटचं, फरक १४० वॅट. रोज सहा तास धरले तर महिन्याला २५ युनिट. सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये लावले, तीनशे रुपये झाले. म्हणजे बिलाच्या भीतीनं महाग कार्ड घेण्यात फार अर्थ नव्हता. मित्राचं कार्ड स्वस्तात मिळत होतं, फरक वसूल व्हायला वर्षं लागली असती. वजन पडत होतं ते खोलीचं आणि यूपीएसचं.

दुकानात नव्या ५०७० चा आग्रह झाला. "दादा, फरक दिसंल." दिसला असता, पण ते २५० वॅटचं आणि बारा जीबीचं. मी ५०६० टीआयवर अडून बसलो. ते १८० वॅटचं, आणि सोळा जीबीचंच हवं होतं; त्याच नावाचं आठ जीबीचं पण येतं, खोक्यावर नीट बघून घ्या. एकच आठ पिनांची वायर लागते. आणखी एक लोभ होता. आमचा कॅमेरावाला ४:२:२ टेन बिटमध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, शूट करतो. ३०८० ला ती एच.२६५ पद्धतीनं दाबलेली फाइल हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, ५०६०-५०७० वगैरे ५० मालिकेतल्या कार्डांना येते. इंटेलच्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवरही ते झालं असतं, पण मी दीड-दोन हजार वाचवायला ते ग्राफिक्स नसलेला 'एफ' वाला प्रोसेसर घेऊन बसलेला. प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी फाइलींच्या हलक्या नकला, करण्यात त्या पैशांच्या दसपट वेळ गेलाय.

नव्या कार्डावर हळदीच्या फाइलला २४ मिनिटं लागली. मित्र हसला, नवीन घेऊन हळू! मी त्याला हिशेब दाखवला: कागदावरचे वॅट धरले तर त्याच्या कार्डानं त्या फाइलला १०७ वॅट-तास घेतले असते, माझ्यानं ७२. "तू फाइल मोजतोस का वीज?" म्हणाला. घाईची ऑर्डर असती तर त्याचंच बरोबर ठरलं असतं, हे मान्य. माझं काम तसलं नाही, चार मिनिटांनी माझं काही अडत नाही.

आता सगळं मिळून प्लगवर ३६० च्या आत राहतं. लाइट गेली की यूपीएस नुसता टिकटिक करतो आणि फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला वेळ मिळतो. दुपारी खोली ३८ च्या पुढं फारशी जात नाही. त्यातले निम्मेअधिक अंश कार्डाचे नाहीतच, पत्र्याचे आहेत. फॉल सिलिंगवाला मापं घेऊन गेलाय. त्यानं सांगितलेला आकडा कार्डापेक्षा मोठा आहे, आईला अजून सांगितलेला नाही.