घर मंडळीचं, कुटुंब माझं

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) एक पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, हृदयविकाराच्या झटक्याने प्रभूमध्ये निजले. वय ५१. दफनविधी झाला, शोकसभा झाली, आणि दोन महिन्यांनी मंडळीच्या कमिटीने पाळकघर, म्हणजे मंडळीने पाळकाला राहायला दिलेलं घर, रिकामं करण्याचा विषय काढला. नवीन पाळक यायचे होते, त्यांनाही घर हवंच होतं. सामान हलवायला मी आमच्या मंडळीतल्या तीन मुलांना घेऊन टेम्पोने गेलो. मंडळीच्या वस्तूंवर मागच्या बाजूने पांढऱ्या रंगात नंबर घातलेले होते. खजिनदार रजिस्टर वाचत होते, "टेबल एक, खुर्च्या सहा, लोखंडी कपाट एक," आणि पाळकीणबाई एकेक खुर्ची उलटी करून नंबर दाखवत होत्या. सहावी खुर्ची सापडेना. ती मागच्या अंगणात होती, तिच्यावर धुतलेली भांडी वाळत होती. बाईंनी भांडी उचलली, खुर्ची पदराने पुसली आणि आत आणून ठेवली.

त्या रात्री बायकोने विचारलं, "अहो, आपल्या घरात आपलं काय काय आहे?" आम्ही मोजलं. गॅस, फ्रिज, शिलाई मशीन, माझी पुस्तकं, मोटारसायकल.

मी राहुरी तालुक्यातल्या एका स्वतंत्र मंडळीचा पाळक. मागे मिशन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. मानधन महिना १८,००० रुपये, बायकोला बालवाडीचे ६,०००. दोन मुलं आणि माझी आई. नोकरदार माणूस गेला तर घरातली कमाई थांबते. पाळक गेला तर कमाई आणि छप्पर एकाच दिवशी जातं. विमा किती घ्यायचा याचा हिशेब मी इथूनच सुरू केला. आज आम्ही घरभाडं देत नाही, म्हणून आमचा खर्च कमी दिसतो. माझ्यामागे महिना पाच हजार भाडं धरलं, घरखर्च बारा हजार धरला, तर वर्षाला दोन लाखांच्या वर गेलं. धाकटी सात वर्षांची. ती पायावर उभी राहीपर्यंत अठरा वर्षं मोजली आणि आकडा ३६ लाखांवर पोचला. शिक्षण वेगळंच.

माझ्याकडे पॉलिसी होती, नव्हती असं नाही. सहा वर्षांपूर्वी मंडळीतल्याच एका विमा एजंट भावाकडून घेतलेली, वीस वर्षांची, बचतीची. वर्षाला १०,४०० रुपये हप्ता आणि विमा फक्त दोन लाख. दोन लाखांत आमचं घर वर्षभर चाललं असतं. त्या भावाने मला फसवलं नव्हतं, मीच "पैसे परत मिळतात ना?" एवढं विचारून सही केली होती. ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याने विमा आणि बचत एकत्र करू नये हे मला आता पक्कं पटलंय. टर्म इन्शुरन्समध्ये, म्हणजे ठरावीक वर्षांच्या निव्वळ विम्यात, माणूस जगला तर काही परत मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो.

मंडळीत एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, विश्वास कमी पडला का?" प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता, मीही मनापासून उत्तर दिलं. बायबलमध्ये अलीशा संदेष्ट्याकडे रडत आलेली ती विधवा कोणाची होती? संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची. नवरा देवाला भिऊन चालणारा होता, तरी सावकार तिची दोन मुलं गुलाम करून न्यायला दारात उभा होता. आणि आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलाने तीमथ्याला काय लिहिलंय, ते मीच किती लग्नांत सांगितलंय! स्कॉटलंडच्या मंडळीतल्या रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाळकांनी तर १७४४ मध्येच पाळकांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी निधी उभा केला होता. पाळकांनी वर्षाला ठरलेली रक्कम भरायची, मागे राहिलेल्यांना त्यातून मिळायचं.

टर्म विमा घ्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं, महिन्याभरात काम होईल. लागली जवळजवळ दोन वर्षं. अडचण होती ती उत्पन्नाच्या पुराव्याची. मला मानधन पाकिटातून रोख मिळायचं. आयकराचं रिटर्न कधी भरलं नव्हतं, कर बसतच नव्हता. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात नोकरी, धंदा, शेती. पाळक कुठे बसवायचा? पुराव्याशिवाय मोठा विमा कोणी देईना. मग कमिटीला विनंती करून मानधन बँकेत जमा करून घ्यायला लागलो. २०२४ च्या जुलैत पहिलं रिटर्न भरलं, २०२५ मध्ये दुसरं. कमिटीने लेटरहेडवर मानधनाचं पत्र दिलं. तुम्ही पाळक असाल तर बाकी काही नाही केलं तरी हे आजच सुरू करा.

मधल्या काळासाठी बँकेत जाऊन दोघांच्याही नावे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घेतला. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण, वय १८ ते ५० मध्ये घेता येतो. पहिल्या तीस दिवसांत अपघात सोडून मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. अपघाताचा सुरक्षा विमा २० रुपयांत. मे अखेरीला खात्यात तेवढी शिल्लक हवी, नाहीतर हप्ता कापला जात नाही. पोस्टात ग्रामीण डाक जीवन विम्याचीही चौकशी केली, पण त्यात मर्यादा १० लाखांची आणि तोही बचतीचाच.

टर्म विम्याचा अर्ज ५० लाखांचा केला, मंजूर ४० झाले. मी रक्तदाबाची गोळी घेतो. फोनवरचा माणूस म्हणाला, "सर, ते लिहू नका, हप्ता वाढेल." मी लिहिलं. वर्षाचा हप्ता ९,६०० चा ११,२०० झाला. पण विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत माहिती लपवल्याचं निघालं तर दावा नाकारता येतो, आणि तेव्हा उत्तर द्यायला मी नसणार. रक्त, लघवी, ईसीजी तपासून पॉलिसी हातात आली ऑक्टोबर २०२५ मध्ये. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला होता, त्याचाही आधार झाला.

एक गोष्ट अर्ज करतानाच करावी लागते, नंतर जमत नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेतली, की ते पैसे बायकोमुलांचे; नवऱ्याच्या कर्जदात्यांना त्यावर हक्क सांगता येत नाही. कर्ज बुडवायच्या हेतूने घेतली असेल तर मात्र हे संरक्षण नाही. मला याची गरज होती, कारण प्रार्थनामंदिराच्या पत्र्यांसाठी पतसंस्थेचं दीड लाखाचं कर्ज माझ्या नावावर आहे. असं कर्ज किती पाळकांच्या नावावर असेल! ते कर्ज मंडळीचं आहे आणि मंडळीच फेडेल, असा ठराव मी आधी कमिटीच्या इतिवृत्तात लिहून घेतला. पॉलिसीचे पैसे बायकोमुलांसाठी सांभाळायला ट्रस्टी म्हणून मेहुण्याला नेमलं.

नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावला नाही. मग ती पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद केले आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात विमा ठेवला. वीसपैकी सहा वर्षांचे हप्ते भरले होते, म्हणून दोन लाखांचे साठ हजार राहिले, अधिक जमा झालेला बोनस. त्या भावाच्या घरी जाऊन स्वतः सांगितलं. वाईट वाटलं त्याला, तरी पेड-अपचा अर्ज त्यानेच भरून दिला.

आता फाइल बायकोकडे असते, लग्नाच्या दाखल्याशेजारी. पहिल्याच पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय, कुणाला फोन करायचा, कोणते कागद द्यायचे. पाळक गेल्यावर कुटुंबाला पाळकघरात निदान एक वर्ष राहू द्यावं, हा विषय येत्या वार्षिक सभेत मी ठेवलाय. खजिनदारांनी अनुमोदन देतो म्हटलंय.