गरम कोंबडी चालत नाही

इथे अमेरिकेत सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर जिवंत खेकडे घेता येतात. टोमॅटोचं बी आणि रोप घेता येतं. वाढदिवसाचा केकही चालतो, फक्त त्यावरच्या न खाण्याजोग्या सजावटीची किंमत निम्म्याहून जास्त नको. आमच्या न्यू जर्सीत चिप्स, आइस्क्रीम, कोल्ड्रिंक सगळं चालतं. चालत नाही ती दुकानातच भाजून काचेच्या कपाटात गरम ठेवलेली कोंबडी. तीच रात्री खपली नाही आणि सकाळी फ्रिजच्या कप्प्यात थंडगार पडून राहिली, की चालते.

थट्टा करत नाहीये, कायदाच आहे. ही मदत 'घरी नेऊन खायच्या' अन्नासाठी, त्यामुळे विकताना गरम असलेला पदार्थ बाद. म्हातारी, अपंग आणि बेघर माणसं यांना काही राज्यांत ठरावीक हॉटेलांत सूट मिळते, बाकीच्यांनी घरी जाऊन रांधायचं.

मला हे कळलं आमच्या बिल्डिंगमधल्या वहिनींमुळे. मंडळी सांगलीकडची. नणंदेने अर्ज केला होता, ग्रीन कार्डाचा नंबर लागेपर्यंत पंधरा वर्षांच्या वर गेली आणि दोन शाळकरी पोरांना घेऊन चाळिशीत हे लोक इथे उतरले. दादा एका देशी ग्रोसरीच्या गोदामात तासावर काम करायचे. जानेवारीत बिल्डिंगसमोरच बर्फावरून घसरले आणि मनगट मोडलं. गोण्या उचलणाऱ्याचं मनगट मोडलं की पगारही त्याच दिवशी थांबतो.

न्यू जर्सीत कामाबाहेर दुखापत झाली तरी काही आठवडे पगाराचा मोठा हिस्सा देणारी सरकारी विमा योजना आहे, 1948 पासून. पण ती कागदावरचा पगार बघते. मालक अर्ध्याहून जास्त पैसे रोख द्यायचा. "तुमचाच टॅक्स वाचतो," म्हणायचा. हा मालक गोरा नव्हता, आपल्याकडचाच होता. 'आपली माणसं परदेशात एकमेकांना धरून असतात' अशी भाषणं गणेशोत्सवात ऐकली की मला हे रोख पाकीट दिसतं.

वहिनी माझ्याकडे आल्या ते उसने मागायला नव्हे, फॉर्म वाचून घ्यायला. म्हटलं, आधी 211 लावू.

211 बद्दल तिकडे कुणाला फारसं माहीत नसतं. 911 सिनेमांतून सगळ्यांना पाठ. 211 म्हणजे आग किंवा खून नाही, पण भाडं थकलंय, घरात गरम करायचा गॅस तोडायची नोटीस आलीय, खायला नाही, अशा वेळचा नंबर. 1997 साली अटलांटात सुरू झाला, 2000 मध्ये केंद्राच्या दूरसंचार आयोगाने तो देशभरासाठी राखून ठेवला. रविवारची संध्याकाळ होती, तरी पलीकडे माणूस होतं. त्या बाईंनी पिनकोड विचारला, घरात किती जण, भाडं कधीपर्यंतचं भरलंय, घर गॅसवर गरम होतं की तेलावर. नाव नंतर विचारलं. मग एकेक सांगत गेल्या: अन्नाच्या कार्डासाठी काउंटीच्या कुठल्या ऑफिसात जायचं, वीज-गॅसच्या दोन योजनांचा अर्ज एकच कसा, फुकट शिधा देणारी जवळची फूड पँट्री कुठल्या वारी उघडी. दादांना नेलं त्या हॉस्पिटलात चॅरिटी केअरचा फॉर्म मागा, हेही त्यांनीच सांगितलं. शेवटी विचारलं, घरात कुणी घाबरलेलं आहे का? वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलंच नाही, "नो, थँक यू" म्हणून टाकलं.

आता कौतुक करतोच आहे तर पुरतं करतो. चॅरिटी केअर म्हणजे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर हॉस्पिटलचं बिल माफ, तिपटीपर्यंत असेल तर काही भाग माफ. इमर्जन्सीत आलेल्याला पैशांसाठी परत पाठवायचं नाही, हा कायदा 1986 चा. आपल्याकडेही धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी आहेत, योजना चांगलीच आहे. पण मामाच्या वेळी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात त्या खाटेसाठी आधी तहसीलदाराचा दाखला, मग समाजसेवा विभाग, मग 'आज शिल्लक नाही', आणि अखेर एका नगरसेवकाच्या पीएचा फोन. फोन गेल्यावर खाट शिल्लक निघाली. वहिनींचा फॉर्म कुणाच्याही फोनाशिवाय मंजूर झाला. हे लिहिलं की कुणीतरी मला 'तिकडे जाऊन नावं ठेवतो' म्हणणार. म्हणू दे.

अन्नाच्या कार्डाचं प्रकरण मात्र वेगळं. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाल्याशिवाय मोठ्यांना ते मिळत नाही, अठराखालच्या पोरांना मिळतं. घरात चार ताटं, मदत दोघांची. देशाची सरासरी काढली तर माणशी रोजचे साधारण सहा डॉलर. त्या कार्डामुळे पोरांना शाळेतलं जेवण मात्र आपोआप फुकट झालं. आणि वहिनींना सगळ्यात मोठी धास्ती: उद्या नागरिकत्वाला हे आडवं येईल का? 2020 मध्ये अशी मदत घेणाऱ्यांचं ग्रीन कार्ड अडवणारा कडक नियम आला होता, 2021 मध्ये तो मागे घेतला. ज्यांच्या हातात ग्रीन कार्ड आधीच आहे त्यांना तो तसा लागूच नव्हता, पण भीती काय राजपत्र वाचून येते? त्यांना इमिग्रेशनच्या मोफत वकिलाकडे नेलं, तेव्हा कुठे सही केली.

मग ती कोंबडी. दादांचा हात प्लास्टरमध्ये, वहिनींनी डे-केअरमध्ये काम धरलेलं. संध्याकाळी दमून दुकानात गेलो. त्यांनी अंडी, दूध, पीठ आणि ती सहा-सात डॉलरची भाजलेली कोंबडी पट्ट्यावर ठेवली. कार्ड घातलं. यंत्राने बाकी सगळं घेतलं आणि कोंबडी व भांडी घासायचा साबण बाजूला काढून रोख मागितले. साबण खाण्याची वस्तू नाही, ते कळतं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ही काय दारू हाय व्हय?" काउंटरवरची मुलगी कानकोंडी झाली. तिनेच हळूच सांगितलं, सकाळी आठला या, कालच्या थंड कोंबड्या तिकडच्या कप्प्यात असतात.

मी पैसे पुढे केले, वहिनींनी घेतले नाहीत. कोंबडी परत गेली.

आपल्याकडे 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी सुरू झाली: 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. गरम. केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या मीही वाचतो. रेशन दुकानात झिजलेला अंगठा यंत्राला उमटत नाही, हेही बघितलंय. तरीही भुकेल्याला गरम अन्न देऊ नका, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाबूला सुचलं नसतं. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी करणारं राज्य आहे ते, पुढे सगळ्या देशाने ती उचलली. इथे 2025 च्या ऑक्टोबरात सरकारी कामकाज बंद पडलं आणि नोव्हेंबरात सव्वाचार कोटींच्या आसपास लोकांच्या कार्डावर वेळेवर पैसेच आले नाहीत. पँट्रीपुढे गाड्यांच्या रांगा. गुरुद्वारात तेव्हाही लंगर चालू होता, कार्ड न बघता.

मला स्वतःला हे कार्ड मिळणार नाही. मी अजून एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस, नाहीतर गाशा गुंडाळायचा. टॅक्स मात्र पूर्ण कापतात. आई फोनवर विचारते, मग तिथे राहतोस कशाला? मी तिला 211 वाल्या बाईंबद्दल सांगतो. कोंबडीचं सांगत नाही.

तुमची भावंडं, भाचरं इकडे गोदामात, गॅस स्टेशनवर, मोटेलात राबत असतील तर त्यांना एवढं कळवा. 211 फुकट आहे, चोवीस तास आहे, इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागता येतो. अन्नाच्या कार्डाचा निर्णय 30 दिवसांत द्यावा लागतो, आणि हातात जवळजवळ काहीच नसेल तर सात दिवसांत. हे 'सात दिवस' आपण होऊन मागा. गॅस-विजेच्या मदत योजनेत नाव घाला, मग न्यू जर्सीत 15 नोव्हेंबर ते 15 मार्च कनेक्शन तोडता येत नाही. आणि पगार चेकनेच घ्या, मालक कितीही गोड बोलला तरी.