तुम्ही विचारलंत म्हणून: छांबला व्हॅम्पायर का पाठवली?

1 सप्टेंबर 1965 चा, म्हणजे जम्मूकडच्या छांबवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले त्या दिवसाचा, विषय निघाला की हाच प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याच्या सुरातच उत्तर असतं: व्हॅम्पायर ही जुनी जेट विमानं उडवणाऱ्या आपल्या हवाई दलाच्या 45 स्क्वाड्रनला मरायला पाठवलं. हे ऐकून आता चीड येते. अखनूरचा चिनाबवरचा पूल गेला असता तर राजौरी-पूंछची वाट तुटली असती. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाई दल वापरायला होकार दिला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. उजेड असेपर्यंतच जे काय करायचं ते. पठाणकोटच्या हवाई तळावर जी विमानं तयार होती तीच उडणार. रणगाड्यांवर मारा करायला चार 20 मिमी तोफा आणि रॉकेटं असलेलं व्हॅम्पायर टाकाऊ नव्हतं.

पाकिस्तानचं सेबर हे लढाऊ जेट समोर आल्यावर मात्र गणित फिरतं. व्हॅम्पायरचा कॉकपिटचा भाग बाल्सा आणि प्लायवुडचा, पंख सरळ, वेग ताशी जेमतेम 880 किलोमीटर. सेबर त्याहून दोनशेने पुढे. व्हॅम्पायरचं वळण सेबरपेक्षा आखूड, म्हणून वाचायची वाट एकच: सेबर टप्प्यात येण्याआधी त्याच्याच अंगावर करकचून वळायचं. पण त्यासाठी तो आधी दिसला पाहिजे. खाली धुळीत आपला रणगाडा कुठला, त्यांचा कुठला हे शोधणाऱ्याची नजर पाठीमागे कशी राहणार? (आपल्याही काही रणगाड्यांवर मारा झालाच.) उंची नसल्यामुळे खाली झेपावून वेगही घेता येत नाही. इजेक्शन सीट नाही. छत उडवून स्वतःच बाहेर पडायचं, मागे शेपटीचा आडवा पंख, आणि पॅराशूट उघडायला खाली जागा नाही.

रफीकी आणि भट्टी या पाकिस्तानी वैमानिकांच्या दोन सेबरनी तीन व्हॅम्पायर पाडली, चौथं जमिनीवरच्या माऱ्यात गेलं. भागवागर, जोशी, भारद्वाज हे आपले वैमानिक परतले नाहीत.

पूर्वी मीही सगळा दोष विमानाच्या वयावर ढकलत असे. आता तेवढ्यावर भागत नाही. चार-चारच्या तुकड्या पाठोपाठ गेल्या आणि वर पहाऱ्याला एकही लढाऊ विमान नव्हतं. 3 सप्टेंबरला मिस्टेअर ही आपली विमानं सेबरसाठी आमिष म्हणून वर ठेवली, नॅट ही आपली छोटी लढाऊ विमानं जमिनीलगत आणली, आणि नॅटचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांच्या नावावर सेबर पाडल्याची नोंद झाली. मग 1 तारखेलाच हे का नाही, असं तुम्ही विचाराल. नॅट तेव्हा पठाणकोटला नव्हती, आणि ती येईपर्यंत थांबायचं म्हणजे छांबच्या जवानांना ती रात्र विमानांविना काढायला सांगायचं. मी तसं सांगितलं असतं का? अजून ठरत नाही.