पालक-सोल्याचं गरम चीज डिप: हिवाळी नोंद

नेहमीच्या पालक-चीज डिपमध्ये या खेपेला बदल दोनच. क्रीमऐवजी चक्का, आणि पालकाच्या जोडीला सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे. थंडीत नागपूरच्या बाजारात तुरीच्या शेंगा मुबलक असतात, आणि चीजच्या खारटपणातही सोल्यांची चव उठून लागते. मटाराची चव अशी टिकत नाही, तो गोडूस होतो.

सहा ते आठ जणांसाठी: निवडलेला पालक 400 ग्रॅम, सोले 150 ग्रॅम, लोणी 25 ग्रॅम, मैदा 25 ग्रॅम, दूध 300 मिली, प्रोसेस्ड चीज 100 ग्रॅम, मोझरेला 80 ग्रॅम, चक्का 100 ग्रॅम, एक कांदा, लसणाच्या 6 पाकळ्या, मिरपूड, चिमूटभर जायफळ.

डिप बिघडतं ते बहुतेक वेळा पालकातल्या पाण्यामुळे. गॅसवर सगळं छान दिसतं, पण वाढल्यावर थोड्याच वेळात कडेनं हिरवं पाणी सुटतं. म्हणून पालक उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच गार पाण्यात, मग पंचात घालून घट्ट पिळायचा. मुठीत दाबल्यावर थेंबही पडता कामा नये. चिरायचा तो पिळल्यानंतरच. सोले बोटानं चेपतील इतके शिजवून निम्मे ठेचून घ्यावेत.

लोण्यात बारीक कांदा-लसूण मऊ करा, मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता (रंग नको), मग दूध थोडं थोडं घालत ढवळा. चमच्याच्या पाठीवर बोटानं ओढलेली रेघ तशीच राहिली की गॅस बंद. दोन मिनिटं थांबून किसलेलं चीज घाला, आधी प्रोसेस्ड. त्यातले इमल्सिफायर क्षार स्निग्धांश आणि पाणी धरून ठेवतात. मोझरेला त्यानंतर, तारेसाठी. उकळत्या सॉसमध्ये चीज शिजवलं तर प्रथिनं आकसून तूप बाहेर टाकतात: वर तेलाचा तवंग, खाली रवाळ गोळा. सुरुवातीलाच लक्षात आलं तर चमचाभर कोमट दूध घालून जोरात फेटा. उशीर झाला की सावरत नाही.

आता पालक, सोले, आणि शेवटी घरातल्या तापमानाला आलेला चक्का. आंबट किंवा फ्रीजमधला थंड चक्का फाटतो. मीठ चव बघूनच. चीजमध्ये भरपूर असतं. पनीर मात्र वितळत नाही, चीजच्या जागी ते धरू नका.

गच्चीवर थंडीत वाढायचं असेल तर स्टीलचा वाडगा टाळा, डिप लगेच गार होऊन साय धरतं. जाड बुडाचं भांडं गरम पाण्याच्या परातीत ठेवा. वरून भिवापुरी मिरचीचं तिखट तेल: तेल तापवून गॅस बंद करा, थोडं निवलं की तिखट टाका, नाहीतर करपतं. सोबत ज्वारीच्या भाकरीचे कडक भाजलेले तुकडे, गाजर, मुळा. ब्रेडपेक्षा भाकरीच बरी. ओली होऊन मोडत नाही.

ओव्हनमध्ये वरून तांबूस करायचं असेल तर दूध 350 मिली घ्या, कारण भाजताना डिप आळतं. 200 अंशांवर 10 ते 12 मिनिटं पुरतात. पुढची चाचणी पालकाच्या जागी मेथीची. तिचा कडवटपणा चीज किती झाकतं ते बघायचंय, म्हणून सुरुवात निम्म्या मापानं.